चारातली एक

दुखणं थांबलं तेव्हा सुचिता नववीच्या वह्या तपासत होती, आणि थांबलं हे तिला लगेच कळलं नाही. शिक्षक-खोलीबाहेर कमल शिपाईण एक लोखंडी बाक फरशीवरून ओढत नेत होती. तो आवाज कानात शिरला आणि कानातच संपला. कवटीच्या आत उतरला नाही, उजव्या डोळ्यामागे जाऊन बसला नाही. सुचिताने लाल पेन खाली ठेवलं आणि वाट पाहिली. पुन्हा बाक ओढल्याचा आवाज आला. नुसताच आवाज. तिने मान हळूच उजवीकडे वळवली, मग डावीकडे. खिडकीतून येणाऱ्या डिसेंबरच्या उन्हाकडे मुद्दाम पाहिलं. ऊन पिवळं होतं. पांढुर्ण्याच्या या शाळेत विज्ञान शिकवायला लागून तिला एकोणीस वर्षं झाली होती, आणि डोकं धरल्याच्या दिवशीही ऊन पिवळंच असतं हे तिला आज पहिल्यांदा दिसत होतं. सकाळी दुसऱ्या तासाला फळ्यावर पेशीचं चित्र काढता काढता पेशीच्या काठाशी ती चमकती रेघ उमटली होती, करवतीच्या दातांसारखी. रेघ यायची, वीसेक मिनिटं थरथरत मोठी होत जायची, विझली की दुखणं यायचं. इतक्या वर्षांत हा क्रम कधी चुकला नव्हता. मग मळमळ, मग घरी जाऊन खिडक्या लावून पडणं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. आज रेघ विझून डोळ्यामागे पहिला ठोका पडल्याबरोबर तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात तीन आठवडे पडून असलेली गोळी काढून गिळली. पाठोपाठ मान जड झाली, छातीवर कुणी तळवा ठेवून दाबल्यासारखं वाटलं. असं होईल हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, तरी ती घाबरली होती. आता भिंतीवरच्या घड्याळात सव्वा तास झाला होता आणि डोक्यात काहीच नव्हतं. सगळं जिथल्या तिथे होतं. तिला रडू आलं. कमल दारातून डोकावून म्हणाली, "मॅडम, लई दुखून राहिलं का? रिक्षा बोलावू?" सुचिता म्हणाली, "नाही. थांबलं." आणि हा शब्द तिला स्वतःच्याच तोंडी परका वाटला.

नागपूरच्या डॉ. हिमानी वयाने तिच्याहून दहा वर्षांनी तरी लहान असतील. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी सुचिताचं सगळं ऐकून घेतलं होतं, मधे न तोडता. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात बावीस वर्षं महिन्यातून चार-पाच दिवस गेलेले. मग त्या म्हणाल्या होत्या, "ही दुखण्याची गोळी नाही, मॅडम." सुचिताला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "दात दुखून राहिला, गुडघा दुखून राहिला, तर ही खाऊन काहीच होणार नाही. ही फक्त मायग्रेनची आहे. ट्रिप्टान म्हणतात या जातीला. चेहऱ्याकडे, डोक्याच्या आवरणाकडे येणारी एक नस असते. अटॅकमध्ये ती एक रसायन सोडते, त्यानं सगळं पेटते. ही गोळी त्या नसेला गप्प करते." सुचिता विज्ञानाची असल्यामुळे तिने विचारलं होतं, हे कळलं कसं. डॉक्टरीणबाई खुलल्या. आधी सगळ्यांना वाटायचं, की डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून दुखतं आणि गोळी त्यांना आवळते म्हणून थांबतं. गोळी आवळते हे खरंच, म्हणून तर हार्टच्या पेशंटला ती देत नाहीत. पण मग नवी औषधं निघाली. ती रक्तवाहिन्यांना आवळत नाहीत, फक्त ते रसायन अडवतात, आणि तरीही दुखणं थांबतं. म्हणजे मूळ दुसरीकडेच होतं. तेच रसायन संशोधकांनी माणसांना टोचूनही पाहिलं. साध्या माणसांचं डोकं थोडं जड झालं, तेवढंच. मायग्रेनवाल्यांपैकी बऱ्याच जणांना काही तासांनी पुरता अटॅक आला. "घडणच वेगळी असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्वभाव नाही, टेन्शन नाही. घडण." आठवड्यातून दोन दिवसांहून जास्त घेऊ नका, नाहीतर औषधानंच डोकं दुखायला लागेल, असंही त्यांनी बजावलं. सुचिताने गोळ्या घेतल्या, पर्समध्ये ठेवल्या, आणि तीन आठवड्यांत दोन अटॅक येऊन गेले तरी खाल्ल्या नाहीत. का, ते तिला सांगता आलं नसतं. रवींद्रने विचारलं तेव्हा ती म्हणाली, साइड इफेक्ट वाचले. पण भीती निराळीच होती. गोळी घेतली आणि थांबलं नाही, तर? आणि थांबलं, तर?

त्या दिवशी अर्ध्या सुटीनंतरचे तास तिने घेतले आणि साडेचारला घरी आली. रवींद्र कलेक्टर कचेरीत होता. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून त्याला सहाच्या आत सुटका नव्हती. घरात कुणी नव्हतं. डोकं धरल्याच्या दिवशीची संध्याकाळ तिने कधी पाहिलीच नव्हती. त्या दिवसांना संध्याकाळ नसायची, नुसता अंधार आणि बादली असायची. आता ती चहाचा कप घेऊन घरापुढच्या ओट्यावर बसली आणि या मोकळ्या मिळालेल्या तासांचं काय करावं ते तिला सुचेना. आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण त्याच्या पाठीमागून दुसरं काहीतरी चालत येत होतं, आणि ती चहा पीत पीत त्याला टाळत होती. दात दुखत असेल तर काहीच होणार नाही. ही फक्त त्याचीच आहे. म्हणजे तिच्या पोटात गेलेल्या त्या एवढ्याशा गोळीने आत जाऊन दुखणं शोधलं होतं, ओळखलं होतं, आणि तेच आहे म्हणून बंद केलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं की बाई, तू खरं बोलतेस का. बावीस वर्षं सुचिताला 'मायग्रेन' होतं. आईला मायग्रेन नव्हतं. आईचं 'डोकं धरायचं'. हे दोन शब्द तिने मनाच्या दोन खोल्यांत ठेवले होते आणि मधलं दार कधी उघडलं नव्हतं. स्वतःच्या डोक्याचे फोटो निघाले होते, रिपोर्ट होते, नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांच्या सह्या होत्या. आईच्या डोक्याला फक्त सुंठेचा लेप होता आणि कपाळाला घट्ट आवळलेली जुन्या लुगड्याची पट्टी होती. कप हातात निवून गेला. सुचिता बसल्या जागी बारा वर्षांची झाली.

सौंसरच्या घराचं स्वयंपाकघर, पोळ्याचा दिवस. बाबा, म्हणजे रघुनाथराव, सौंसरच्या शाळेत गणित शिकवायचे. अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं आणि ते कुणाच्या अंगात येणं, उतारा, नजर लागणं यांतलं काही चालू द्यायचे नाहीत. त्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं: पुरावा दाखवा. आईचं डोकं सकाळपासून धरलं होतं. संध्याकाळी वीस माणसं जेवायला होती आणि पुरण शिजायचं होतं. आई मधल्या खोलीत अंधार करून पडली होती, पट्टी बांधून, भिंतीकडे तोंड करून. तिच्यासाठी डॉक्टरांकडून आणलेल्या पांढऱ्या गोळ्यांची पुडी बाबांच्या खिशात होती. बाबांनी सुचीला परसात बोलावलं. त्यांच्या तळहातावर दुसरीच एक गोळी होती, धाकट्या भावाच्या, राजूच्या, बाळंतपणातली उरलेली, कॅल्शियमची. बाबांनी पॉलिश पेपरच्या तुकड्यावर घासून घासून तिच्यावरची अक्षरं काढून टाकली आणि दोन्ही गोळ्या शेजारी ठेवून तिला विचारलं, "सांग, कोणती खरी?" तिला सांगता आलं नाही. बाबा खूश झाले. "याले प्रयोग म्हणतात," ते म्हणाले. "आपण काहीच बोलायचं नाही. फक्त पाहायचं आणि वेळ लिहायची." बाबा आपल्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसे बोलले, याचा तिला अभिमान वाटला होता. आजही तिला त्या अभिमानाची चव आठवत होती. गोळी घेऊन तीच आत गेली. तिनेच आईला उठवून बसवलं, पाण्याचा गडवा तोंडाशी धरला. मग दाराबाहेर बसून बाबांच्या घड्याळाकडे पाहत राहिली. पाऊण तासाने आई पट्टी सोडत बाहेर आली आणि म्हणाली, "थोडं हलकं वाटून राहिलं. चाल, पुरण वाटू." सुचीने वहीत वेळ लिहिली.

रात्रीची जेवणं झाली, अंगणात सतरंज्या पडल्या, पान-सुपारी फिरली, आणि बाबांनी घसा खाकरला. त्यांना गोष्ट सांगता यायची. त्यांनी परसातल्या पॉलिश पेपरपासून सगळं रंगवून सांगितलं, फक्त सुचीचं नाव घेतलं नाही. "मी गोळी देली" असंच म्हणाले, आणि खांबाआड उभ्या असलेल्या तिला त्याचं वाईट वाटलं होतं. शेवटी कॅल्शियमची गोळी आली तेव्हा अंगण हसलं. आत्या हसल्या, काका हसले, बाबांच्या शाळेतले दोघं गुरुजी मांडीवर हात मारून हसले. आई पोळ्यांची रिकामी परात घेऊन दारात उभी होती. ती पण हसली. पदर तोंडाला लावून हसली आणि आत गेली. त्यानंतर आईने कपाळाला पट्टी बांधलेली कुणी पाहिली नाही. सुंठेची सहाण धुऊन मांडणीवर चढली. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, की एका प्रयोगात बायको बरी केली. सुचितानेही तेच धरलं होतं. विज्ञान घ्यायचं तिने त्या वर्षी ठरवलं. आणि हे आठवलं तशी ती ओट्यावर बसल्या बसल्या शहारली, की नववीला वैज्ञानिक पद्धतीचा धडा शिकवताना दर वर्षी जुलैत ती हीच गोष्ट सांगत आली होती. हिंदीत आणि मराठीत मिळून, बाबांच्याच लयीत. एक बाई होती, तिचं डोकं दुखायचं. मुली शेवटाला हसायच्या. असे एकोणीस जुलै महिने.

रवींद्र आला, तिला ओट्यावर पाहून थबकला. "आज इथं कशी? डोकं नाही ना दुखत?" ती म्हणाली, "दुखलं होतं. गोळीनं थांबलं." तो खरोखर आनंदला, चप्पल काढता काढता म्हणाला, "मी म्हणत नव्हतो, घेऊन पाहा म्हणून?" आणि मग तिचा चेहरा पाहून, "मग रडून कायले राहिली?" ती उठून आत गेली. तिने स्वयंपाक केला, वाढलं, भांडी घासली, आणि सगळा वेळ एकेक चित्र आपल्या पायांनी चालत येत राहिलं. हंडे ठेवायच्या कोपऱ्यात थंड रांजणाला कपाळ टेकून उभी असलेली आई. सुचीने विचारलं होतं, काय करून राहिली? आई म्हणाली होती, पाणी किती उरलं ते पाहून राहिली. भर दुपारी संत्र्याच्या बगिच्यात जाऊन बसणारी आई. काम काही नसायचं, आणि बाबा म्हणायचे, हिला बगिच्याचा नाद लागला. एकदा राजूला शोधायला सुची गेली होती, तर आई दोन झाडांमधल्या ओलसर मातीवर उताणी पडली होती, डोळ्यांवर पदर घेऊन, ओठांच्या कडा पांढऱ्या. सुचीला पाहून उठून बसली. ऊन लागलं, म्हणाली. गोठ्यामागे ओकण्याचा आवाज, मग राख टाकल्याचा आवाज. एका लग्नात केस विंचरून देणाऱ्या बाईचा हात आईने झटकला होता, आणि सगळ्यांना वाटलं होतं, हिला गर्व झाला. डोकं धरलं की केसांना फणी लावणंही सोसत नाही, हे सुचिताला आता बावीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. ही सगळी चित्रं तिच्याजवळ होतीच. तिने ती पाहिलेली होती, लिहून ठेवली नव्हती.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिने नागपूरला फोन लावला. गोळी लागू पडल्याचं ऐकून डॉक्टरीणबाईंना बरं वाटलं. मग सुचिता म्हणाली, "एक विचारायचं होतं. समजा, एखाद्या बाईला कुणी खरी म्हणून साधी कॅल्शियमची गोळी दिली. आणि पाऊण तासात तिला बरं वाटलं. तर त्यावरून..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही घेतली ना ती गोळी, तिची परीक्षा झाली तेव्हा बऱ्याच जणांना रिकामीच गोळी दिली होती. न सांगता. त्यांतल्या चारातल्या एकाला तरी दोन तासांत आराम पडला. आणि ते सगळे पक्के मायग्रेनचे पेशंट होते, तपासून निवडलेले." "मग ते खोटं..." "खोटं कायचं, मॅडम? औषध मिळालं असं वाटलं की मेंदू स्वतःच थोडं औषध सोडतो. नेहमी नाही सोडत. आम्ही त्यावरून पेशंटला नाही तपासत, गोळीला तपासतो." आणि मग, आवाज जरा उतरवून, "कुणाला दिली होती?" सुचिता म्हणाली, "ओळखीच्या एक बाई आहेत." फोन ठेवल्यावर तिला स्वतःचा इतका राग आला की ती शाळेच्या मागच्या मैदानाला दोन फेऱ्या मारून आली. एकाच माणसावर, एकदाच केलेला प्रयोग, आणि ज्याने केला त्याला निकाल आधीच ठाऊक. नववीच्या मुलीने असं लिहून आणलं असतं तर तिने लाल पेनाने आडवी रेघ मारली असती.

रविवारी सकाळच्या बसने ती सौंसरला निघाली. जामसावळीच्या देवस्थानाला, जिथे अंगातलं उतरवायला माणसं आणतात, उतरणाऱ्यांची गर्दी होती. नारळ, हार, आणि मधल्या सीटवर दोन नातेवाइकांच्या मधे बसवलेली एक पोक्त बाई, शून्यात पाहणारी. सुचिताची आजी आईलाही डोक्यासाठी एकदा तिथे घेऊन गेली होती. बाबांनी घरी आल्यावर तांडव केलं होतं. बाबा जाऊन आठ वर्षं झाली. त्यांना आता काय विचारायचं? दोन वर्षांपूर्वी आईच्या हृदयात नागपूरला स्टेंट बसला, म्हणजे ही गोळी आईला कधीच देता येणार नव्हती. आणि द्यायचं कारणही उरलं नव्हतं, कारण पन्नाशी उलटल्यावर कधीतरी आईचं दुखणं वयाबरोबर आपोआप निघून गेलं असणार, जसं पुष्कळ बायकांचं जातं. कधी गेलं ते घरात कुणाला माहीत नव्हतं, कारण आहे हेच माहीत नव्हतं. पर्समध्ये पाच गोळ्या उरलेल्या होत्या आणि सुचिता त्या चाचपत होती. बस जामसावळीला रिकामी झाली. ती बाई उतरताना पायरीवर अडखळली आणि तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. सुचिताने मान फिरवली, मग पुन्हा तिकडे पाहिलं, पण तोवर बस हलली होती.

आई, कलाबाई, ओसरीवर हिरव्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सत्तरी आली तरी हात झरझर चालत होते. राजू बगिच्यात होता, संत्र्यांची तोडणी चालू होती. "एकटीच? जावई नाही आले?" आईने विचारलं आणि उत्तराआधीच तिच्यापुढे मूठभर शेंगा सरकवल्या. सुचिता खाली बसली. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. ती म्हणाली, "आई, पोळ्याच्या दिवशी बाबांनं तुले खोटी गोळी देली होती."

"हाव." आईचे हात थांबले नाहीत. "आज कुठून आठवलं ते?"

"ती गोळी मी देली होती. मले माहीत होतं ती खोटी आहे. बाबांनं मले दाखवली होती आधी."

आता हात थांबले. एक दाणा सुपातून घरंगळून फरशीवर गेला, आईने तो उचलला नाही. तिने अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू होती, हे मले माहीत आहे ना वं. तूच तर पाणी देलं. पण तुले माहीत होतं, हे नोयतं माहीत." तिने पदराने हात पुसले, कोरडेच होते. "तुह्या बाबानं सगळ्यायसमोर सांगतलं, गोळी खोटी होती म्हणून. मग मी रातभर विचार केला, का मंग मले बरं कायनं वाटलं? वाटलं तर होतं. तेव्हा मले सुचलं, की पोरीनं उठवून बसवलं, पाठीवर हात ठेवला, त्यानं असन. इतके वर्षं मी तेच धरून होती."

सुचिताने आठवून पाहिलं. गडवा आठवत होता, त्याचा थंडपणा आठवत होता, दाराबाहेरची जागा, घड्याळ. पाठीवरचा हात आठवत नव्हता. हो म्हणणं सोपं होतं. आईच्या चेहऱ्याकडे पाहत ती ते म्हणणारही होती. "मले आठवत नाही, आई," ती म्हणाली. "ठेवला असन. खरंच आठवत नाही."

आईने मान हलवली, जणू ते ठीकच होतं. "अन् मंग मले वाटे," ती म्हणाली, "की मीच खोटी असन. दुखते तर दुखते, पण खोटं दुखते. असं होत असन एखाद्या बाईले. म्हणून मंग सांगणं बंद केलं. खोट्या दुखण्याचं काय सांगता?"

तेव्हा सुचिताने सगळं सांगितलं. बुधवारची गोळी, बाकाचा आवाज, नस आणि ते रसायन, रक्तवाहिन्यांना न आवळणारी नवी औषधं. सांगता सांगता ती वर्गातल्यासारखी बोलायला लागली, मग तिला ते जाणवून ती थांबली आणि साध्या आवाजात म्हणाली, "माह्यासारखंच होतं तुहं. तेच. एकाच घडणीचं. अन् रिकाम्या गोळीनं चार जणायतल्या एकाले आराम पडते. खऱ्या पेशंटले. तू चारातली एक होती, आई. एवढंच झालं होतं."

"म्हणजे दुखत होतं तेही खरं."

"हाव."

"अन् थांबलं, म्हणलं, तेही खरं."

"तेही खरं."

सुचिताला वाटलं होतं, ती रडेल; आपण तिच्या मांडीवर डोकं ठेवू. वहीतल्या त्या वेळेबद्दल, जुलैमधल्या त्या तासांबद्दलही सांगायचं होतं, ते राहूनच गेलं. आईने सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिने धुतलेलं जांभळं लुगडं नेसलं होतं आणि पायात चपला घालत होती. "हे तू मले कायले सांगून राहिली?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता. सुचिताने आयुष्यात पहिल्यांदा तो ऐकला. "मले तर माहीत होतं, दुखते म्हणून. ज्यायले माहीत नोयतं, त्यायले सांग. त्या दिवशी अंगणात बसलेल्यायतली आता एकच उरली आहे. चाल."

केसरबाई, बाबांची थोरली बहीण, त्याच गावात, दोन गल्ल्यांपलीकडच्या घरात दिलेली. ऐंशी ओलांडलेल्या, दारापुढे बाजेवर ऊन खात बसलेल्या. शेजारच्या दोघी ओट्यावर पापड वाळत घालत होत्या, नळावर तीन-चार बाया होत्या. आईला आणि सुचिताला पाहून केसरबाईंना हर्ष झाला. त्यांनी बाजेवर जागा केली. आई बसली नाही. सुचिता वाकून पाया पडली आणि म्हणाली, "आत्या, तुमाले तो पोळा आठवते का? बाबांनं आईच्या गोळीची गोष्ट सांगतली होती?"

केसरबाईंनी कान पुढे केला, ओठ हलताना पाहिले, आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा हसण्याने भरून आला. "आठवते ना! रघुनाथानं काय सांगतलं होतं, वा! पोट दुखेपर्यंत हासलो आमी. चुन्याची गोळी अन् कलाचं नाटक!" त्या आईकडे पाहून पुन्हा हसल्या, मायेने, जुन्या थट्टेला हसावं तशा.

आई हसली नाही. ती भर उन्हात सरळ उभी होती, पदर खांद्यावर, हात सुटे.

"आत्या, ते नाटक नव्हतं," सुचिता म्हणाली. "आईचं डोकं खरंच दुखत होतं."

"काय म्हणते?"

"आईचं डोकं खरंच दुखत होतं."

"ऐकू नाही येत, बाई. जवळ ये."

सुचिता जवळ गेली, कानाशी वाकली. मागून आईचा आवाज आला. "कानात नोको सांगू. मोठ्यानं सांग."

सुचिता पुन्हा सरळ झाली. ती इतक्या मोठ्याने बोलली की नळावरच्या बायांनी माना वळवल्या आणि पापड घालणाऱ्या बाईचा हात तसाच राहिला. केसरबाईंचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी भावजयीकडे पाहिलं, मग भाचीकडे, मग पुन्हा भावजयीकडे.

"आता गोळीचं सांग," आई म्हणाली. "पह्यल्यापासून."